दारातला स्पीकर बदलण्याआधी

गाडीसाठी स्पीकर घ्यायला गेलं की खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला असतो तो वॅटचा आकडा. ३०० वॅट, ३५० वॅट, कधी ५००. निवड करताना सर्वांत कमी उपयोगाचा आकडाही तोच. गाडीत कंपनीचाच डेक, म्हणजे म्युझिक सिस्टीम आहे, आवाजाची ताकद वाढवणारा वेगळा ॲम्प्लिफायर नाही, टचस्क्रीनवाला डेक काढून दुसरा बसवणं शक्य नाही, आणि बदलायचे आहेत ते फक्त दारातले स्पीकर, अशी आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडानवाल्यांची स्थिती असते. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधी डेकचं बघू. माहितीपत्रकात ‘४ × ५० वॅट’ असं लिहिलेलं असतं. हे ५० कुठून आले? इंजिन चालू असताना गाडीच्या वायरिंगमध्ये साधारण १४ व्होल्ट असतात. डेकच्या आतली ॲम्प्लिफायरची चिप त्याहून जास्त व्होल्टेज तयार करू शकत नाही, तशी सोयच तिच्यात नसते. गाडीचे स्पीकर बहुधा ४ ओहमचे. व्होल्टेजच्या वर्गाला ओहमने, म्हणजे स्पीकर विजेला करतो त्या विरोधाने, भागलं की वॅट मिळतात. १४ चा वर्ग १९६, भागिले ४, म्हणजे ४९. झाले ५० वॅट. पण एवढी ताकद बाहेर पडते तेव्हा आवाज पूर्ण चढवलेला असतो आणि सुरांच्या गोलसर लहरींची टोकं छाटली जाऊन त्यांचे चौकोनी ठोकळे झालेले असतात. कानाला तो आवाज फाटलेला लागतो. लहर अखंड ठेवायची तर त्याच चिपमधून गणिताने जास्तीत जास्त त्याच्या निम्मी ताकद निघते, आणि चिपमध्येच वाया जाणारा भाग वजा केला की प्रत्येक स्पीकरच्या वाट्याला १५ ते २० वॅट येतात.

म्हणजे ३५० वॅटच्या स्पीकरलाही मिळणार आहेत अठरा-वीसच. स्पीकरवरचा वॅटचा आकडा हा तो किती सोसू शकेल याचा असतो. किती आवाज देईल, हे त्यावरून कळत नाही. खोक्याच्या मागे बारीक अक्षरात ‘आरएमएस’ म्हणून जो आकडा असतो, तो निदान खरा सहनशक्तीचा असतो: एवढी ताकद सतत मिळाली तरी आतलं कॉइल जळणार नाही. कंपनीच्या डेकवर चालवायचं असेल तर ४० ते ६० वॅट आरएमएसचा स्पीकर पुरून उरतो. १०० वॅट आरएमएसवाला घेतल्याने काही वाईट होत नाही, पण त्यातला बराचसा पैसा अशा सहनशक्तीवर जातो जिची परीक्षा कधी होणारच नाही.

मग बघायचं काय? सेन्सिटिव्हिटी. एक वॅट ताकद दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, तो हा आकडा. दुकानात तो कुणी आपणहून सांगत नाही, विचारावा लागतो. समजा एक स्पीकर १०० वॅट आरएमएसचा, सेन्सिटिव्हिटी ८७ डेसिबल. दुसरा ६० वॅटचा, पण ९२ डेसिबल. दोघांना डेकचे तेच १८ वॅट मिळाले तर पहिला साधारण ९९ ते १०० डेसिबलपर्यंत जाईल, दुसरा १०४ ते १०५ पर्यंत. ताकद दुप्पट केली की डेसिबल फक्त ३ ने वाढतात, त्यामुळे हा पाच डेसिबलचा फरक मोठा आहे. पहिल्याने दुसऱ्याची बरोबरी करायची तर त्याला तिपटीहून जास्त, म्हणजे ५७ वॅटच्या आसपास लागतील, आणि तेवढे डेककडे नाहीत. भारी स्पीकर बसवूनही ‘आवाज उलट कमी झाला’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचं कारण बहुधा हेच असतं. कंपनीचा मूळ स्पीकर हलका, पातळ कागदी कोनचा (म्हणजे हलून आवाज करणाऱ्या पडद्याचा) असतो आणि थोडक्या ताकदीवर मोठ्याने वाजतो. त्याच्या जागी जड कोनचा, ॲम्प्लिफायरसाठी बनवलेला स्पीकर आला की डेक त्याला हलवतानाच दमतो.

या आकड्यात एक मेख आहे. काही कंपन्या सेन्सिटिव्हिटी १ वॅटवर मोजतात, काही २.८३ व्होल्टवर. ८ ओहमच्या घरगुती स्पीकरला दोन्ही एकच. पण ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले की त्यात २ वॅट जातात, म्हणून कागदावर ३ डेसिबल फुकट वाढतात. दोन मॉडेलांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे आहेत ना, एवढं बघून घ्या. आणि सेन्सिटिव्हिटी जास्त म्हणजे सगळंच चांगलं, असंही नाही. लहान आकार, खोल बेस आणि जास्त सेन्सिटिव्हिटी या तिन्ही गोष्टी एकाच स्पीकरला मिळत नाहीत, हा भौतिकशास्त्राचा हिशेब आहे. डेकवर चालवायचं तर ९० डेसिबलच्या आसपास किंवा वर राहावं आणि खोल बेसचा हट्ट दारातल्या स्पीकरकडे धरू नये, असं माझं मत.

ओहमचं थोडक्यात. काही कंपन्या मुद्दाम २ किंवा ३ ओहमचे स्पीकर बनवतात. ते त्याच व्होल्टेजवर जास्त करंट ओढतात, म्हणून मोठ्याने वाजतात. तुमच्या डेकच्या माहितीत एवढ्या कमी ओहमची परवानगी असेल तर ठीक. नसेल तर चिप तापते, मध्येच आवाज बंद होतो, आणि हे वारंवार झालं तर डेक जातो. गाडीसोबत एखाद्या नामांकित ऑडिओ कंपनीची खास सिस्टीम आली असेल तर उलट बाजूने सावध राहायला हवं. तिथले मूळ स्पीकरच २ ओहमचे असू शकतात आणि त्यांचा वेगळा ॲम्प्लिफायर त्यांच्यासाठीच बेतलेला असतो. अशा गाडीत साधा ४ ओहमचा स्पीकर लावला तर आवाज दबतो.

आता सूर कुठे राहतात ते बघू, कारण कोॲक्सियल (सगळं एकात) घ्यायचा की कंपोनंट (सुटे भाग), हे त्यावरून समजतं. काळी पाचमध्ये गाणाऱ्या गायिकेचा मध्य षड्ज सुमारे २३३ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांवर असतो, काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा १३९ च्या जवळ. तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा त्याच्याही खाली, शंभर हर्ट्झच्या आसपास नि त्याखाली. पण शब्द कळतात ते वरच्या पट्टीमुळे. ‘स’ची सळसळ पाच-सहा हजार हर्ट्झच्या पलीकडे असते, ‘श’ची त्याहून थोडी खाली, आणि तबल्याच्या चाटीची टणक कडही काही हजारांत. हा एवढा मोठा पल्ला एका कोनला झेपत नाही. साडेसहा इंची कोन तीन हजार हर्ट्झच्या पुढे गेला की त्याचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा अरुंद होत समोर जातो, बाजूला पसरत नाही. कारण तीन हजार हर्ट्झची लहर जेमतेम ११ सेंटीमीटर लांब असते, म्हणजे कोनपेक्षाही लहान. आणि दारातल्या स्पीकरच्या समोर काय असतं? तुमचं गुडघ्याखालचं पाऊल.

म्हणून वरच्या सुरांसाठी ट्वीटर हा छोटा स्पीकर. कोॲक्सियलमध्ये तो वूफरच्या, म्हणजे मोठ्या कोनच्या, मधोमध खांबावर बसवलेला असतो. एकाच भोकात सगळं मावतं, बसवायला सोपं, पैसेही कमी. कंपोनंट सेटमध्ये ट्वीटर वेगळा येतो आणि आरशाजवळच्या तिकोनी कोपऱ्यात किंवा डॅशबोर्डवर, कानाच्या पातळीच्या जवळ बसतो. सोबतचा क्रॉसओव्हर सूर वाटून देतो, खालचे वूफरला, वरचे ट्वीटरला. फरक लगेच कळतो. गाणं दाराच्या तळातून न येता काचेसमोरून यायला लागतं. बऱ्याच गाड्यांच्या खालच्या मॉडेलमध्ये ट्वीटरची जाळी असते पण मागे काहीच नसतं. तशी जागा तयार असेल तर मी कंपोनंटच घ्यायला सांगेन. कंपनीचा ट्वीटर आधीपासून असेल तर दारात चांगला कोॲक्सियल लावून भागवता येतं, पण एकाच बाजूला दोन-दोन ट्वीटर झाल्याने आवाज कर्कश होऊ शकतो. पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबात ट्वीटर बसवायला मात्र परवानगी देऊ नका, जर त्या खांबावर एअरबॅगचं चिन्ह असेल. पडद्यासारखी एअरबॅग तिथूनच उघडते.

ट्वीटर कापडी घुमटाचा की धातूचा, यावर खूप वाद घातले जातात. मी एवढंच म्हणेन की भावगीत, नाट्यसंगीत, अभंग असं आवाजप्रधान ऐकत असाल तर कापडी घुमट सहसा कमी टोचतो. कोनच्या कडेची गोल झालर मात्र जरूर बघा. कोकणात, गोव्यात, मुंबईत राहत असाल तर ती रबराची हवी. फोमची झालर दमट हवेत काही वर्षांत भुसभुशीत होऊन तुटते. कोनही पॉलिप्रॉपिलीनचा किंवा पाणी न पिणारा लेप दिलेल्या कागदाचा असावा.

दुकानातल्या फळीवर दहा जोड्या लावलेल्या असतात आणि बटण दाबून एकामागून एक ऐकवतात. तिथे जो मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो, माणसाचा कानच तसा आहे. त्यामुळे प्रत्येक वेळी आवाज कमी-जास्त करून सारख्या पातळीवर आणायला सांगा आणि वर्षानुवर्षं ऐकलेलं, प्रत्येक जागा पाठ असलेलं गाणं लावा. गायिकेचा ‘स’ शिट्टीसारखा टोचतो का? तानपुऱ्याची जवारी ऐकू येते, की नुसती गुणगुण? बेसवरून तिथे निर्णय करू नका. फळीवरचा बेस आणि तुमच्या दारातला बेस यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा किंवा गावातल्या ॲक्सेसरीजच्या दुकानात, छापील बिल घ्या आणि वॉरंटी कार्डावरचा क्रमांक स्पीकरवरच्या क्रमांकाशी ताडून बघा. नामांकित कंपन्यांच्या नावाचा बनावट माल या बाजारात भरपूर आहे.

खरेदीआधी माप. पुढच्या दारात साधारण ६.५ इंची, म्हणजे १६५ मिलिमीटरचा स्पीकर बसतो. काही गाड्यांत लहान, काहींत लंबगोल असतो. पण व्यासापेक्षा खोली जास्त त्रास देते. दाराचं पॅड, म्हणजे आतलं आवरण, उतरवा, जुन्या स्पीकरचे स्क्रू किंवा रिबिट काढा आणि काच पूर्ण खाली घ्या. ही पायरी बरेच जण विसरतात. आता स्पीकर ज्या पत्र्यावर टेकतो तिथपासून आतल्या काचेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. ते ६० मिलिमीटर भरलं आणि नव्या स्पीकरची खोली ६३ असेल, तर पहिल्यांदा काच खाली कराल तेव्हा ती मॅग्नेटवर आदळेल. दहा-पंधरा मिलिमीटरची रिंग लावून स्पीकर पुढे आणता येतो, मात्र तेवढा तो पॅडच्या जाळीकडे सरकतो. कोॲक्सियलचा ट्वीटर खांबावर पुढे आलेला असतो, तो जाळीला टेकेल का, हे पॅडच्या आतून मोजून बघा. दोन्हीकडची मापं लिहून घेऊन दुकानात जा. मॉडेलच्या कागदावर ‘माउंटिंग डेप्थ’ म्हणून खोली दिलेली असते.

रिंग कशाची, हाही प्रश्न आहे. दुकानात एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची रिंग सर्रास मिळते. एमडीएफ पाणी लागलं की फुगतो आणि दारात पाणी येतंच. पावसाळ्यात काचेवरून ओघळणारं पाणी रबराच्या पट्टीतून दाराच्या पोटात उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. दाराची रचनाच तशी असते. म्हणून रिंग प्लास्टिकची घ्या, किंवा लाकडीच मिळत असेल तर सगळ्या बाजूंनी वॉर्निश मारून घ्या.

आणि आता दार. माझ्या मते अर्धा निकाल इथे लागतो आणि पैसे सर्वांत कमी इथेच खर्च होतात. स्पीकरचा कोन पुढे येतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. या दोन लहरी एकमेकींना भेटल्या तर एकमेकींना संपवतात. वरचे सूर एवढं वळण घेऊन मागे जात नाहीत, पण बेसच्या लहरी लांबलचक असतात; ६० हर्ट्झची लहर जवळजवळ पावणेसहा मीटरची. त्या कुठूनही वळून येतात. दाराच्या आतल्या पत्र्याला हात घालता येईल एवढी मोठी भोकं असतात, कंपनीने ती पातळ प्लास्टिकने झाकलेली असतात. त्यातून मागची लहर बाहेर येऊन पुढच्या लहरीला मारते आणि आपण म्हणतो, स्पीकरला बेसच नाही. बेस असतो, पण तो दारातच विरतो.

उपाय असा. स्पीकर आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची गॅस्केट लावून फट बुजवायची. आतल्या पत्र्याची मोठी भोकं शक्य तेवढी पक्की बंद करायची. आणि बाहेरच्या पत्र्याला, तो जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा किंवा त्याहूनही पातळ असतो, आतून ब्युटाइल रबराची शीट चिकटवायची, म्हणजे तो थरथरणार नाही. सगळं दार मढवण्याची गरज नसते. बोटाने टिचकी मारून बघत जा, जिथे ‘टण्’ वाजतं तिथे शीट हवी. ‘ठप्’ वाजलं की झालं. स्वस्तात मिळणारी डांबरी शीट घेऊ नका. मे महिन्यात अकोल्या-नागपूरच्या उन्हात दिवसभर उभ्या असलेल्या गाडीत ती वितळून घसरते आणि गाडीत वास भरतो. तळाची पाणी जायची भोकं कुठल्याही परिस्थितीत बुजवू नका, नाहीतर दार आतून गंजेल. आतल्या पत्र्यावरचं ते पातळ प्लास्टिकही फाडून फेकू देऊ नका, घाईचा फिटर नेमकं तेच करतो. मग पहिल्या मोठ्या पावसात पायाखालचं कार्पेट ओलं होतं आणि पाणी कुठून येतंय ते कुणाला कळत नाही. एक शेवटची खबरदारी: काही नव्या गाड्यांच्या दारात बाजूच्या एअरबॅगसाठी हवेचा दाब ओळखणारा सेन्सर असतो. तो असेल तर भोकं बंद करण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा. काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा.

वायर कापू देऊ नका. तुमच्या गाडीच्या कपलरला बसणारा जोड बाजारात मिळतो, तो लावला की मूळ वायरिंग शाबूत राहतं आणि पुढे वॉरंटीवरून वाद होत नाहीत. जोडल्यावर प्लस-मायनस तपासा. डेकपासून सुटलेल्या वायरच्या टोकांना घड्याळात घालतो तो साधा १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. सेलचं प्लस टोक स्पीकरच्या प्लस वायरला लागलं की कोन बाहेर सरकला पाहिजे. आत गेला तर वायर उलटी आहे. दोन्ही बाजूंचे कोन एकाच दिशेला हलायला हवेत. एक उलटा राहिला तर बेस जवळजवळ नाहीसा होतो आणि गायकाचा आवाज समोर न येता सगळीकडून येतोय असं वाटतं. नवीन स्पीकर ‘पोकळ’ वाजतात म्हणून परत करायला निघालेल्यांनी आधी हे बघावं.

सुरू केल्यावर डेकमधली ‘लाउडनेस’ आणि ‘बेस बूस्ट’ बंद करा, इक्वलायझर शून्यावर आणा आणि काही दिवस तसंच ऐका. जुन्या स्पीकरसाठी लावलेले चढउतार नव्याला लागू होत नाहीत. डेकमध्ये ‘हाय-पास’ असेल तर ८० हर्ट्झवर ठेवा. त्याखालचं काढून टाकलं की कोनची फुकटची धडपड थांबते आणि उरलेला आवाज स्वच्छ होतो. चढवता चढवता फाटायला लागतो तिथून दोन पायऱ्या खाली तुमची कमाल मर्यादा. फाटलेल्या आवाजात वरच्या पट्टीची ताकद बेसुमार वाढते आणि बळी जातो तो ट्वीटर.

मागच्या दारांचे स्पीकर राहू द्या. पैसे मर्यादित असतील तर पुढच्या जोडीवर आणि दारांवर घाला, मागच्यांचा आवाज डेकमधल्या फेडरने, म्हणजे पुढे-मागे आवाज वाटणाऱ्या सेटिंगने, थोडा खाली ठेवा. एवढं करून वर्षभराने आणखी हवं असं वाटलं तर पुढची पायरी छोट्या ॲम्प्लिफायरची. कंपनीच्या डेकच्या स्पीकर-वायरमधूनच सिग्नल घेणारे मिळतात, त्यासाठी डेक बदलावा लागत नाही. डग्ग्याचा आणि ढोलाचा खरा खालचा घुमारा हवा असेल तर सीटखाली बसणारा आठ इंची सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या सुरांचा स्पीकर. यातलं काहीही बॅटरीवरून थेट वायर ओढून लावताना त्या वायरला बॅटरीपासून हातभराच्या आत फ्यूज असलाच पाहिजे. फ्यूज सबवूफरजवळ लावून चालत नाही. वायर मध्येच कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली, तर तिला आग लागण्यापासून वाचवणारा फ्यूज बॅटरीच्या बाजूलाच लागतो.